हिंगण्याचा अभ्यासक्रम व टोकियोची पुस्तिका

(१)

महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचा उगम सांगतांना सामान्यतः एक गोष्ट सांगितली जाते. कर्वे यांच्या हातीं जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका आली, ती वाचून त्यांस स्फूर्ति झाली, आणि १९१६ सालीं हिंदुस्थानांत स्त्रियांचें पहिलें विद्यापीठ निघालें. गोष्ट खरी आहे. स्वतः कर्वे यांनींच ती सांगितली आहे. परंतु तिच्यावरून पुढें जें अनुमान काढण्यांत येतें, कीं हिंगण्याच्या मुलींचा अभ्यासक्रम ही टोकियोच्या अभ्यासक्रमाची नक्कल होय, तें पुराव्यास उतरत नाहीं. तें कां उतरत नाहीं, व मग हिंगण्याच्या शाळेंत बाहेरचें जग कोणत्या वाटेनें आलें, याचा विचार प्रस्तुत टिपणांत करावयाचा आहे.

विषय मुलींच्या शाळेचा असल्यामुळें हस्तलिखितांच्या संग्राहकांस तो परका वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर व कैफियती यांची गोडी लागलेल्या मनुष्यास शाळेच्या अहवालांत काय आढळणार, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर लेखाच्या शेवटीं येईल. तूर्त एवढेंच सांगतों कीं, येथील प्रश्न आपल्या नेहमींच्या व्यवहारांतलाच आहे. दोन कागदांत साम्य दिसलें एवढ्यावरून एक दुसऱ्याची नक्कल, असें आपण म्हणत नाहीं. आपण मित्या पाहतों, हात पाहतों, आणि दोहोंचें मूळ एखादें तिसरेंच बाड तर नाहीं ना, हेंहि पाहतों. तोच नियम येथें लावावयाचा आहे.

(२)

प्रथम पुस्तिकेची हकीकत. ती कर्वे यांजकडे १९१५ सालीं टपालानें आली. पाठविणारे काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त हे धनिक व लोकहितदक्ष गृहस्थ असून त्यांनीं जपानचा प्रवास केला होता. पुस्तिका आली तेव्हां कर्वे यांनीं ती चाळून बाजूस ठेविली. पुढें त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस भरावयाच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें, आणि भाषणाची तयारी करतांना ती त्यांनीं पुन्हां हातीं घेतली. डिसेंबर १९१५ च्या शेवटच्या दिवसांत झालेल्या त्या भाषणांत स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना लोकांपुढें आली. ३ जून १९१६ रोजीं विद्यापीठाची स्थापना झाली, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याचे पहिले कुलपति झाले. आणि जुलै महिन्यांत हिंगण्यास अवघ्या चार-पांच विद्यार्थिनींनिशीं महिला पाठशाळा हें त्याचें पहिलें महाविद्यालय सुरू झालें.

आतां या पुराव्याची प्रत पाहूं. कर्वे यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचें, म्हणजे विद्यापीठाच्या जन्मापूर्वींचें आहे. त्यांचें इंग्रजी आत्मकथन १९३६ सालचें, म्हणजे घटनेनंतर वीस वर्षांनीं लिहिलेलें आहे. उतारवयांतील आठवणींत जीवनाला कलाटणी देणारे क्षण ठसठशीत उमटतात, आणि त्या क्षणापूर्वींचीं दहा-वीस वर्षांचीं सावकाश चाललेलीं कामें फिकीं पडतात. कर्वे हे गणिताचे अध्यापक व स्वभावानें काटेकोर. त्यांच्या सत्यनिष्ठेविषयीं येथें शंका नाहीं. शंका आहे ती वाचकाच्या घाईविषयीं. पुस्तिकेनें आपणांस स्फूर्ति दिली असें ग्रंथकार सांगतो. आपला अभ्यासक्रम आपण तिच्यांतून उतरून घेतला, असें तो म्हणत नाहीं.

(३)

टोकियोची ती संस्था तरी काय होती? ‘निहोन जोशी दाइगाक्को’ या नांवानें ती २० एप्रिल १९०१ रोजीं उघडली. संस्थापक जिन्झो नारुसे. स्त्रीला प्रथम मनुष्य म्हणून, मग स्त्री म्हणून व मग राष्ट्राची घटक म्हणून शिक्षण द्यावें, हीं त्यांचीं तीन सूत्रें प्रसिद्ध आहेत. आरंभीं तेथें गृहशास्त्र, जपानी वाङ्मय व इंग्रजी वाङ्मय अशा तीन शाखा होत्या, आणि खालच्या वर्गांसाठीं संस्थेची स्वतःची कन्याशाळा जोडलेली होती.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नारुसे हे १८९० पासून १८९४ पर्यंत अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्स प्रांतांत, अध्ययनासाठीं राहिले होते. परत आल्यावर १८९६ सालीं त्यांनीं स्त्रीशिक्षणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे हिंगण्यास आदर्श म्हणून जें जपानी पुस्तक आलें, त्याची शाई जपानी असली तरी कागद कांहीं अंशीं अमेरिकन होता. आणि ज्या अमेरिकेंतून नारुसे आपला विचार पक्का करून परतले, तिच्याशीं महाराष्ट्रांतील स्त्रियांचा संबंध त्यांच्याहि आधीं जडलेला होता.

(४)

ता. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आनंदीबाई जोशी यांस पदवी मिळाली. त्या समारंभासाठीं इंग्लंडांतून पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. आनंदीबाईंचें १८८५ सालचें एक छायाचित्र अनेक संग्रहांत आढळतें. त्यांत त्यांच्या शेजारीं जपानची केई ओकामी व सीरियाची सबात इस्लांबूली या सहाध्यायिनी आपापल्या देशींच्या वेषांत बसलेल्या आहेत. पुणें व टोकियो यांची गांठ १९१५ सालीं पुस्तिकेनें प्रथम घातली, असें मानणाऱ्यानें हें चित्र एकदां समोर ठेवावें. तीस वर्षांपूर्वीं तीच गांठ दोन विद्यार्थिनींनीं एका बांकावर बसून घातली होती.

रमाबाई अमेरिकेंत सुमारें तीन वर्षें राहिल्या. फ्रेबेल या जर्मन शिक्षणशास्त्रज्ञाची बालोद्यानपद्धति त्यांनीं तेथें शिकून घेतली; १८८७ सालीं बोस्टन येथें त्यांच्या कार्यास साह्य करणारी मंडळी स्थापन झाली; आणि १८८८ च्या अखेरीस प्रशांत महासागर ओलांडून, जपानमार्गें, त्या १८८९ च्या आरंभीं मुंबईस परतल्या. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं शारदासदन उघडलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या लोकस्थितीवरील त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. शाळा आणि ग्रंथ एकाच वर्षाचे आहेत, हा नुसता योगायोग मानूं नये. परदेश कसा आहे हें मराठींत सांगणें व मुलींस जग समजेल असें शिकविणें, हीं एकाच उद्योगाचीं दोन अंगें होतीं.

शारदासदनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई या बालविधवा होत्या. त्यांचे बंधु नरहरपंत जोशी हे कर्वे यांचे स्नेही. सदन १८९० सालीं पुण्यास आलें. ११ मार्च १८९३ रोजीं गोदूबाईंचा कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला व त्या आनंदीबाई झाल्या. त्याच वर्षीं धर्मांतराच्या प्रश्नावरून सदनाविरुद्ध मोठा क्षोभ उसळला. रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं आपला संबंध सोडला, आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली परत नेल्या. तीन वर्षांनीं, १८९६ सालीं, कर्वे यांनीं अनाथबालिकाश्रम काढला.

हा क्रम पाहिला म्हणजे वंशवृक्ष स्पष्ट होतो. रमाबाईंच्या शाळेंत जें शिक्षण मिळत होतें तें समाजास हवें होतें. ज्या धर्मशंकेमुळें ती शाळा समाजास दुरावली, ती शंका नको होती. शारदासदनांत शिकलेली स्त्रीच ज्या घराची गृहिणी होती, त्या घरांतून हिंगण्याचा आश्रम निघाला. फिलाडेल्फिया व बोस्टन यांची वाट हिंगण्यास अशी, टोकियोच्या पुस्तिकेपूर्वीं वीस वर्षें, येऊन पोंचली होती.

(५)

आतां खुद्द अभ्यासक्रम. आश्रमांतील विधवांबरोबर कुमारिकांस ठेवण्यास लोक कचरत, म्हणून कर्वे यांनीं ४ मार्च १९०७ रोजीं महिला विद्यालय ही निराळी शाळा सुरू केली. तेव्हां मुली होत्या सहा. या शाळेचें धोरण दोन गोष्टींनीं ओळखूं येतें. एक, शिक्षण मराठींतून. दुसरी, स्त्रीच्या संसारास उपयोगी पडेल असें शास्त्रीय ज्ञान. मुलगी चांगली पत्नी, चांगली माता व चांगली शेजारीण व्हावी, हा हेतु कर्वे सांगत.

नारुसे यांचीं तीन सूत्रें व कर्वे यांचे हे तीन हेतु शेजारीं ठेवून पाहिले तर साम्य व भेद दोन्ही दिसतात. दोन्हीकडे गृहशास्त्रास मान आहे. परंतु नारुसे यांचा आरंभ ‘मनुष्य’ या शब्दानें होतो व शेवट ‘राष्ट्र’ या शब्दानें; कर्वे यांचा आरंभ घरांत होतो व शेवट शेजारीं. ‘शेजारीण’ हा शब्द कोणत्याहि परदेशी पुस्तिकेंतला नव्हे. तो आळींतला आहे, आडावरचा आहे. शिकलेल्या मुलीमुळें चार घरांतील मुलांचे डोळे व दांत नीट राहतील, आजाऱ्याची शुश्रूषा समजून होईल, पत्र वाचून दाखविलें जाईल, असा त्याचा व्यवहारी अर्थ आहे.

मुख्य प्रमाण याहूनहि साधें आहे, आणि तें मितीचें आहे. मराठी माध्यम व गृहोपयोगी विषय हीं दोन्ही लक्षणें १९०७ च्या शाळेंत आहेत. पुस्तिका १९१५ ची आहे. जो कागद आठ वर्षांनीं आला, त्याची नक्कल आठ वर्षें आधीं कशी होणार? शिवाय स्वभाषेंतून शिक्षण हें तत्त्व टोकियोहून येणें संभवनीयच नव्हतें. जपानांत मुलींनीं जपानींतून शिकावें कीं नाहीं, असा वादच नव्हता. तो वाद परकी राज्य असलेल्या आपल्या देशाचा, व त्याचें उत्तर आपल्याच अनुभवांतून निघालेलें.

मग पुस्तिकेनें काय दिलें? तिनें ‘विद्यापीठ’ हें नांव दिलें, व तें नांव घेण्याचें धैर्य दिलें. एका आशियाई राष्ट्रानें, सरकारी विद्यापीठाची वाट न पाहतां, स्त्रियांसाठीं निराळें उच्च शिक्षण उभें केलें व तें चाललें, हा दाखला कर्वे यांस हवा होता. अभ्यासक्रमाचें घर हिंगण्यास बांधून तयार होतें. टोकियोहून आली ती त्यावरील पाटी. या प्रकरणीं प्रस्तुत लेखकाचा निष्कर्ष हा एवढाच.

(६)

घरचें शिक्षण म्हटलें म्हणजे जगाची खिडकी लावून घेणें आलें, अशी समजूत तेव्हांहि होती व पुढेंहि राहिली. ती पारखण्यास पुण्याची दुसरी शाळा उपयोगी पडते. रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित यांच्या उद्योगानें १८८४ सालीं मुलींचें हायस्कूल उघडलें. पेशव्यांच्या हुजूर पागेच्या जागेवर वसल्यामुळें ‘हुजूरपागा’ हें त्याचें नांव रूढ झालें. सर विल्यम वेडरबर्न यांचें या कामीं मोठें साह्य झालें. तेथें इंग्रजी होतें, गणित होतें, आणि मुलांच्याच विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा हें ध्येय होतें. या अभ्यासक्रमावर ‘मराठा’ पत्रानें कठोर टीका केली. मुलींस मुलांचाच अभ्यास व इतक्या वेळची शाळा कशासाठीं, गृहकृत्यांचें शिक्षण कोठें, असा तिचा रोंख होता.

वरवर पाहतां वाटेल कीं, कर्वे यांनीं टीकाकारांचेंच म्हणणें स्वीकारलें. परंतु इंग्रजीच्या प्रश्नावर भेद उघड होतो. महिला विद्यापीठांत सर्व विषय मातृभाषेंतून असले तरी इंग्रजी भाषा ही आवश्यक विषय म्हणून ठेविलेली होती. महात्मा गांधी यांस ही गोष्ट मान्य नव्हती. इंग्रजी ऐच्छिक असावी असें त्यांचें मत होतें. मतभेद राहूनहि त्यांची सहानुभूति विद्यापीठास मिळाली. कर्वे मात्र आपल्या मुद्द्यावरून हलले नाहींत. ज्ञान मराठींतून घ्यावें, पण जगाशीं बोलावयाची एक भाषा मुलीच्या हातीं असावी, हा त्यांचा मध्यम मार्ग. एका बाजूनें त्यास जुन्यांचा म्हणून व दुसऱ्या बाजूनें नव्यांचा म्हणून दोष लागला, यांतच त्याचें वेगळेपण आहे.

त्या वेगळेपणाची किंमत मात्र मुलींनीं भरली, हें लपवितां येत नाहीं. ‘गृहीतागमा’ ही पदवी घेऊन बाहेर पडलेल्या स्त्रीच्या विद्यापीठास सरकारमान्यता नव्हती. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली; वार्षिक व्याज ५२,५०० रुपये; आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव विद्यापीठास लागलें. हे दातेहि आदल्या वर्षीं सर विश्वेश्वरय्या यांच्यासमवेत जगप्रवासास निघून टोकियोची संस्था पाहून आले होते. पैसा आला तरी कायद्याची मान्यता येण्यास १९४९ चा कायदा व १९५१ साल उजाडावें लागलें. हुजूरपाग्याच्या मुलीस जी मान्यता परीक्षेबरोबरच मिळे, तिच्यासाठीं हिंगण्याची मुलगी पस्तीस वर्षें थांबली. आणि विशेष हें कीं, टोकियोची संस्थाहि नांवानें विद्यापीठ असली तरी जपानी कायद्यानें विद्यापीठ ठरली ती १९४८ सालीं. या एका बाबतींत दोन्ही संस्थांचें साम्य नकलेहून अधिक खोल आहे. स्त्रियांनीं नांव आधीं घेतलें, राज्यांनीं तें मागाहून मान्य केलें.

(७)

जग हिंगण्यास आलें, तसें हिंगणेंहि जगाकडे गेलें. आनंदीबाई कर्वे यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या बालपणीं फारशा शिकलेल्या नव्हत्या. आश्रमासाठीं वर्गणी जमविण्यांत आयुष्य घालविलेल्या या बाई १९१८ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, इंग्रजी शिकण्याच्या हेतूनें अमेरिकेस गेल्या, आणि तेथें लोकांच्या घरीं काम करून राहिल्या. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ सालीं प्रसिद्ध झाली. अभ्यासक्रमांत इंग्रजी असावें कीं नसावें, या वादांत विद्वानांचीं मतें पुष्कळ उद्धृत होतात. या बाईची साक्ष त्यांच्या बरोबरीनें मांडली पाहिजे.

स्वतः कर्वे १९२९ सालीं, एकाहत्तराव्या वर्षीं, प्रवासास निघाले. इंग्लंड, जिनिव्हा येथील शिक्षणपरिषद, डेन्मार्कांतील एल्सिनोर येथील नवशिक्षणमंडळाची परिषद, अमेरिका, आणि अखेर जपान असा तो प्रवास झाला. सर्वत्र त्यांनीं हिंदुस्थानांतील या प्रयोगाची माहिती दिली. चवदा वर्षांपूर्वीं जी पुस्तिका टपालानें आली होती, तिची संस्था त्यांनीं टोकियोस डोळ्यांनीं पाहिली. १९३० च्या अखेरीस ते पुन्हां निघाले, तें पूर्व व दक्षिण आफ्रिकेकडे, तेथील हिंदी वस्त्यांतून वर्गणी मिळविण्यासाठीं. नक्कल करणारा मनुष्य मूळ प्रत पाहण्यास शेवटीं जात नाहीं. तो आधीं जातो. कर्वे गेले ते आपली प्रत दाखविण्यास.

(८)

आतां संग्राहकांस विनंती. वरील सर्व विवेचन पुणें व मुंबई येथील छापील साहित्यावर आधारलेलें आहे. मराठी मुलींच्या शिक्षणाचा इतिहास याच दोन शहरांच्या कागदांवरून लिहिला जात असल्यामुळें तो एकांगी होतो. वऱ्हाडचें उदाहरण घ्या. हा प्रांत १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यांत, १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलेला, आणि १९५६ पर्यंत मुंबईच्या राज्याबाहेर होता. त्यांतील पूर्वींचा वणी अथवा वून जिल्हा १९०५ सालीं यवतमाळ या नांवानें ओळखला जाऊं लागला. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याच्या दप्तरांत यवतमाळच्या मुलीचें नांव मिळणार नाहीं. परंतु महिला विद्यापीठाचें क्षेत्र इलाख्याच्या सीमेनें बांधलेलें नव्हतें. त्याची सीमा भाषेची होती. म्हणून यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड या ठिकाणच्या जुन्या घरांत या विषयाचा अव्वल पुरावा शोधणें अगत्याचें आहे.

शोधावयाचें काय, तें सांगतों. शाळेचे वार्षिक वृत्तांत; प्रश्नपत्रिका; बक्षिसाचीं पुस्तकें, विशेषतः ज्यांच्या आंतल्या पानावर मुलीचें नांव, इयत्ता व साल लिहिलेलें आहे तीं; वर्गणीच्या पावत्या; नकाशांच्या वह्या; शिवणाचे नमुने चिकटविलेल्या वह्या; आणि मुलींनीं माहेरीं लिहिलेलीं पत्रें. छापील अभ्यासक्रम काय शिकवावयाचें होतें तें सांगतो. काय शिकलें गेलें तें वहीच सांगते. एखाद्या मुलीनें आशियाच्या नकाशांत जपान कोठें काढला आहे, यावरून जें कळतें तें दहा अध्यक्षीय भाषणांवरून कळत नाहीं.

हीं बाडें मोडींत नाहींत, त्यांवर शिक्के नाहींत, म्हणून तीं रद्दींत जातात. मोडी दप्तराच्या रुमालास कसर लागली तर आपण हळहळतों. नातीच्या हातची वही आजोबांच्या हातच्या यादीहून कमी मोलाची, असें मात्र कोणी न सांगतां ठरून गेलें आहे. याचा परिणाम काय होतो, तें एकाच उदाहरणानें दिसेल. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंतील मुक्ताबाई या मांग जातीच्या मुलीनें लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’त छापला गेला. तो छापला गेला म्हणून आज वाचावयास मिळतो, व त्यावांचून त्या काळचा इतिहास अपुरा राहिला असता. तिच्या शेजारीं बसणाऱ्या मुलींनींहि पाट्यांवर व कागदांवर कांहीं लिहिलेंच असेल. तें कोणी ठेविलें नाहीं.

हिंगण्याचा अभ्यासक्रम कोणाची नक्कल होता, हा वाद मित्यांच्या आधारें मिटण्यासारखा आहे, व तो येथें मिटविण्याचा यत्न केला आहे. त्या अभ्यासक्रमानें मुलींचें काय झालें, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. त्याचें उत्तर ज्या कागदांत आहे, ते कोणा ना कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेंत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखालीं पडलेले असतील. ज्यांच्या घरीं ते असतील त्यांनीं ते निदान एकदां उलगडून पाहावेत, नांव व साल टिपून ठेवावें, आणि कोणत्या तरी संशोधनसंस्थेच्या स्वाधीन करावेत, एवढी प्रार्थना करून हें टिपण पुरें करतों.